विश्लेषण : विमानतळावर उतरलात, आता साताऱ्या-सांगलीची कॅब कशी मिळवायची?

परदेशातून येणारा पाहुणा असो की सुट्टीवर येणारा घरचा माणूस, विमान वेळेत उतरते आणि खरी कसरत विमानतळाच्या दाराबाहेर सुरू होते. ॲप उघडत नाही, ओटीपी येत नाही, कार्ड चालत नाही. गाडी मिळालीच, तर 'सातारा' किंवा 'सांगली' ऐकून ड्रायव्हर फेरी रद्द करतो. असे का होते, भाड्याचा नियम काय आहे आणि तयारी कशी करायची, याचा हा आढावा.

गेल्या दिवाळीनंतर माझा आतेभाऊ जर्मनीहून मुंबईत उतरला. सोबत त्याची जर्मन पत्नी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्याच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या मामांचे, मिरजेत हृदयाचे ऑपरेशन ठरले होते. विमान रात्री दीडला उतरले. अडीचला बाहेर पडून गाडी मिळाली असती, तर सकाळी दहा-साडेदहापर्यंत तो वडिलांच्या खाटेपाशी असता. पण ॲपवर चार ड्रायव्हर आले आणि चौघांनीही फोनवर एकच प्रश्न विचारला, 'ड्रॉप कुठंय?' मिरज म्हटले की फेरी रद्द. शेवटी सांगलीच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याला झोपेतून उठवून पनवेलजवळची गाडी मिळवली, तेव्हा पहाटेचे साडेपाच झाले होते. तो दवाखान्यात पोहोचला दीड वाजता. मामा तेव्हा थिएटरमध्ये होते.

ऑपरेशन नीट झाले. पण 'आत जाण्याआधी एकदा भेटायचं होतं' हे वाक्य घरात अजून निघते. चूक कोणाची, हे शोधताना लक्षात आले की ती एका माणसाची नव्हती. अडचणी एकामागे एक रांगेत उभ्या होत्या आणि त्यातली प्रत्येक आधी टाळता आली असती.

साताऱ्या-सांगलीसाठी कोणता विमानतळ सोयीचा?

दोन्ही जिल्ह्यांत आज प्रवासी विमानसेवा नाही. साताऱ्याला कऱ्हाडची धावपट्टी आहे, सांगलीला कवलापूरची जुनी मागणी आहे; पण पाहुण्याला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे पर्याय उरतात ते असे :

- पुणे (लोहगाव) : सातारा सुमारे ११५ किलोमीटर, सांगली सुमारे २३५ किलोमीटर. नव्या टर्मिनलमधून जुलै २०२४ पासून उड्डाणे सुरू झाली. थेट परदेशी उड्डाणे मोजकीच.
- मुंबई : सातारा सुमारे २६० किलोमीटर, सांगली-मिरज सुमारे ३८० ते ३९०. बहुतेक परदेशी विमाने इथेच उतरतात.
- कोल्हापूर (उजळाईवाडी) : सांगलीपासून साधारण ५० किलोमीटर. फक्त देशांतर्गत विमाने. मुंबई किंवा दक्षिणेतल्या एखाद्या मोठ्या शहरात विमान बदलून येणाऱ्याला सोयीचा.
- नवी मुंबई : ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. आपल्याकडे येणाऱ्यांना मुंबई शहर ओलांडावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

तिकीट काढतानाच हा विचार करायला हवा. मुंबईचे तिकीट पाच हजारांनी स्वस्त मिळाले आणि पुढच्या कॅबला आठ हजार गेले, असे हिशेब आपल्या घरोघरी झाले आहेत.

पहिली अडचण : ओटीपी आणि इंटरनेट

आपल्याकडचे जवळपास सगळे व्यवहार मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. विमानतळावरचे मोफत वायफायही बहुधा ओटीपी मागते. परदेशी सिमचे रोमिंग बंद असेल, तर तो संदेश येतच नाही. मग वायफाय नाही, म्हणून ॲप नाही आणि ॲप नाही, म्हणून गाडी नाही.

उबरचे परदेशात काढलेले खाते भारतात तसेच चालते, त्यासाठी वेगळे ॲप लागत नाही. मात्र ते खाते आणि त्यातले कार्ड निघण्यापूर्वी घरीच तपासून ठेवावे. नव्या फोनवर पुन्हा लॉगिन करावे लागले, तर ओटीपी जुन्या क्रमांकावरच जाणार. काही देशी ॲपना नोंदणीसाठी +९१ चा क्रमांक लागतो. अशा वेळी गाडी सातारा-सांगलीतल्या नातेवाइकाने आपल्या फोनवरून बुक करणे सोपे पडते.

अनेक परदेशी पाहुणे ई-सिम घेऊन येतात. त्यात इंटरनेट असते, पण बऱ्याचदा फोन करण्याची सोय नसते. आपल्याकडचा ड्रायव्हर मात्र नकाशापेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवतो. फोन उचलला नाही, की तो पाहुणा 'लागत नाही' असे समजून निघून जातो. यावर साधा उपाय आहे. बुकिंग झाल्याबरोबर ॲपच्या चॅटमध्ये एक ओळ टाकायची. ती आधीच लिहून पाहुण्याला पाठवून ठेवा :

'दादा, माझा फोन लागणार नाही. मी पिक-अपच्या जागी थांबलो आहे. इथेच मेसेज करा.'

विमानतळावर सिम घेता येते. परदेशी नागरिकाला त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो. पण ते सुरू व्हायला वेळ लागू शकतो. रात्री दोन वाजता त्यावर विसंबून राहू नये.

दुसरी अडचण : पैसे कसे द्यायचे?

ॲपमध्ये कार्ड जोडलेले असले, तरी ड्रायव्हर अनेकदा 'कॅश की ऑनलाइन?' असे आधी विचारतो. कार्डाचे पैसे त्याच्या हातात लगेच येत नाहीत, डिझेल मात्र आजच भरायचे असते.

रोखीची ही सवय कुठून आली, यामागे एक गोष्ट आहे. उबर २०१३ मध्ये बंगळूरला सुरू झाली, तेव्हा ती फक्त कार्डावर चालायची. भारतातल्या कार्ड व्यवहाराला ओटीपीसारखा दुसरा पडताळा लागतो. तो टाळणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१४ मध्ये रोखले. पुढे मे २०१५ मध्ये हैदराबादेत या कंपनीने रोखीने भाडे घेऊन पाहिले आणि नंतर ती पद्धत देशभर रुळली. आज परदेशातून आलेल्या माणसाला 'ॲपची गाडी आणि रोख पैसे?' असे आश्चर्य वाटते, त्याचे मूळ इथे आहे.

यूपीआयचे काय? इथे दोन वेगळ्या सोयी आहेत.

अनिवासी भारतीय : भारतात एनआरई किंवा एनआरओ खाते असेल, तर काही देशांचा मोबाइल क्रमांक जोडून यूपीआय वापरता येते. जानेवारी २०२३ च्या परिपत्रकात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, हाँगकाँग, यूएई, सौदी अरेबिया, ओमान आणि कतार हे १० देश होते. त्या यादीत जर्मनी नव्हता, म्हणूनच आतेभावाचा फोन क्यूआर कोडपुढे नुसता कॅमेरा ठरला.

परदेशी नागरिक : त्यांच्यासाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' हे पाकीट आहे. जी-२० च्या वेळी २०२३ मध्ये ते मोजक्या देशांच्या प्रवाशांना मिळत होते, जुलै २०२४ पासून सगळ्या देशांच्या प्रवाशांसाठी खुले झाले. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून त्यात पैसे भरायचे आणि क्यूआर स्कॅन करायचा. भारतीय बँक खाते लागत नाही.

तरीही खिशात तीन-चार हजार रुपये रोख असावेत आणि त्यात शंभर-दोनशेच्या नोटा असाव्यात. पहाटे खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबल्यावर पाचशेची मोड मागणे दोघांनाही अवघड जाते.

ड्रायव्हर साताऱ्याचे नाव ऐकून फेरी का रद्द करतो?

याचे सरळ उत्तर म्हणजे परतीचे भाडे. पुण्यातला ड्रायव्हर तुम्हाला सांगलीला सोडून रिकामा परतला, तर २३५ किलोमीटरचे डिझेल आणि टोल त्याच्या अंगावर पडतात. म्हणून शहरातल्या शहरात धावणाऱ्या गाडीच्या पर्यायात 'सांगली' टाकू नये. त्यासाठी ॲपमध्ये 'इंटरसिटी' किंवा 'आउटस्टेशन' असा वेगळा पर्याय असतो. तिथेही 'वन-वे' आणि 'राउंड ट्रिप' असे दोन प्रकार असतात.

हिशेब समजून घेऊ. सोयीसाठी किलोमीटरला १५ रुपये दर धरू (हा फक्त उदाहरणाचा दर आहे, गाडी आणि हंगामाप्रमाणे तो बदलतो) :

- पुणे-सातारा, वन-वे : ११५ किमी × १५ = १,७२५ रुपये, अधिक टोल.
- पुणे-सातारा, गावाकडून गाडी पाठवली तर : जाऊन-येऊन २३० किमी. पण ट्रॅव्हल्सवाले बहुधा दिवसाला किमान ३०० किमीचे पैसे घेतात. म्हणजे ४,५०० रुपये, अधिक टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता.
- पुणे-सांगली, वन-वे : २३५ × १५ = ३,५२५ रुपये, अधिक टोल.
- पुणे-सांगली, गावाकडून गाडी : ४७० × १५ = ७,०५० रुपये, अधिक टोल आणि भत्ता.

किमान किलोमीटरच्या नियमाचा फटका साताऱ्याला जास्त बसतो. गावाकडून गाडी पाठवणे सांगलीकरांना वन-वेच्या दुप्पट महाग पडते, सातारकरांना अडीच पटीहून अधिक. मात्र घरचे चार जण न्यायला येणार असतील, सामान मोठे असेल किंवा वेळ चुकवून चालणार नसेल, तर हे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. आतेभावाच्या बाबतीत आम्ही हीच बचत केली होती.

टोलचेही आधी विचारून घ्यावे. पुण्याहून साताऱ्याला येताना खेड-शिवापूर आणि आनेवाडी हे नाके लागतात. सांगलीसाठी त्यात कऱ्हाडजवळच्या तासवडेची भर पडते आणि पुढे पेठ नाक्यावरून गाडी आत वळते. मुंबईहून येणाऱ्याला याआधी द्रुतगती मार्गाचा टोल द्यावा लागतो. फास्टॅगमधून पैसे कापले गेले, तर ड्रायव्हर ते शेवटी मागतो आणि पाहुण्याला वाटते की आपल्याला लुबाडले. भाडे 'टोलसह' की 'टोल वेगळा' हा एक प्रश्न बसण्याआधी विचारला, तर हे भांडण होत नाही.

ॲपवर एक भाडे आणि ड्रायव्हर मागतो दुसरे. नियम काय?

पुण्यात उतरणाऱ्याला हा अनुभव हमखास येतो आणि त्यामागे खरा वाद आहे. पुणे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने १ जानेवारी २०२४ पासून वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरवला. ॲपवर दिसणारे भाडे अनेकदा यापेक्षा कमी असते. 'सरकारने ठरवलेला दर आम्हाला मिळत नाही' अशी चालकांच्या संघटनांची तक्रार आहे. त्यातूनच २०२५ मध्ये पुण्यातील अनेक चालकांनी ॲपचा आकडा बाजूला ठेवून 'मीटरप्रमाणे' भाडे मागायला सुरुवात केली.

उदाहरणार्थ, विमानतळ ते स्वारगेट हे अंतर १३ किलोमीटर धरले, तर सरकारी दराने ३७ अधिक साडेअकरा किलोमीटरचे २८७.५०, म्हणजे सुमारे ३२५ रुपये होतात. ड्रायव्हरने याच्या आसपास मागितले, तर त्याच्या बोलण्याला आधार आहे. सहाशे मागितले, तर नाही.

राज्य सरकारने मे २०२५ मध्ये ॲपवरच्या कॅबसाठी धोरण जाहीर केले. त्यातले प्रवाशाच्या कामाचे मुद्दे :

- मागणी वाढली, तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचे नाही. (केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा दुप्पट आहे.)
- सवलत मूळ दराच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाही.
- भाड्यातला किमान ८० टक्के वाटा चालकाला.
- चालकाने कारणाशिवाय फेरी रद्द केली, तर भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातली कमी रक्कम दंड.
- प्रवाशाने रद्द केली, तर ५ टक्के किंवा ५० रुपये, यातली कमी रक्कम.

नियम कागदावर आहेत, तरी रात्री दोनला पाहुण्याने ड्रायव्हरशी कायद्यावर वाद घालावा असे नाही. हे आकडे माहीत असले, की मागणी रास्त आहे की अवाजवी, एवढे लगेच कळते. रक्कम मान्य नसेल, तर गाडीत सामान ठेवण्यापूर्वीच नाही म्हणावे. अर्ध्या रस्त्यात वाद काढू नये.

गाडी नेमकी कुठे येते?

पुण्यात ॲपची गाडी टर्मिनलच्या दारात येत नाही. ती 'एरोमॉल' या बहुमजली पार्किंगच्या इमारतीत येते. सामान घेऊन तिथवर जावे लागते. मुंबईत टर्मिनल दोनवरही पिक-अप पार्किंगच्या इमारतीत असतो, कोणत्या मजल्यावर जायचे ते ॲप सांगते. बाहेर पडल्यावर 'टॅक्सी सर, टॅक्सी' म्हणत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष न देता फलक पाहत जावे. मुंबईत प्रीपेड टॅक्सीचे काउंटर आहेत, ॲप अडलेच तर तो रास्त पर्याय आहे.

'सातारा' टाकले आणि पोहोचलो बिबवेवाडीला

नावांचा घोटाळा हा परदेशी पाहुण्यांचा खास त्रास. ॲपमध्ये इंग्रजीत 'सातारा' टाकले, की पुण्यातला 'सातारा रोड' वर येऊ शकतो. तो बिबवेवाडी-सहकारनगरचा भाग. कोरेगाव तालुक्यात 'सातारा रोड' नावाचेच गाव आहे आणि छत्रपती संभाजीनगरात 'सातारा परिसर' आहे. 'सांगली' लिहिताना एक अक्षर चुकले, की पिंपरी-चिंचवडजवळची 'सांगवी' येते. कवठे, वडगाव या नावांची गावे तर दोन्ही जिल्ह्यांत आणि बाहेरही सापडतात.

म्हणून पाहुण्याला नुसता पत्ता पाठवू नका, नकाशावरची अचूक खूण पाठवा. वस्तीवर किंवा मळ्यात घर असेल, तर हमरस्त्यावरचे ठिकाण द्या, जसे पेठ नाका, कऱ्हाडचा कोल्हापूर नाका किंवा साताऱ्याचा बॉम्बे रेस्टॉरंट चौक, आणि तिथे घरचे कोणी उभे राहा. मिरजेत तंबोरे घ्यायला येणारा परदेशी संगीतकार, कास पाहायला येणारा पर्यटक आणि हळदीचा व्यापारी, या तिघांनाही हीच युक्ती लागू पडते.

सुरक्षेसाठी काय पाहावे?

- नंबर प्लेट : भाड्याची गाडी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असते, इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. तिला भाडे मारायची परवानगी नाही.
- क्रमांक : ॲपवरचा आणि गाडीवरचा क्रमांक जुळलाच पाहिजे. एमएच-१२ पुण्याचा, एमएच-११ साताऱ्याचा, एमएच-५० कऱ्हाडचा, एमएच-१० सांगलीचा. गावाकडून पाठवलेल्या गाडीचा पूर्ण क्रमांक पाहुण्याला आधीच कळवा.
- पिन : गाडीत बसल्याशिवाय चार आकडी पिन सांगू नये.
- 'ॲपवर कॅन्सल करा, कॅश द्या' : हे ऐकू नये. फेरी रद्द केल्यानंतरच्या प्रवासाची ॲपवर नोंद राहत नाही. पुढे काही झाले, सामान राहिले, तर दाद मागायची कुठे?
- मदत : १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी वाहनांत लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण बंधनकारक आहे. ॲपमध्येही आपत्कालीन बटण असते. देशभरात ११२ हा क्रमांक चालतो. 'ट्रिप शेअर' करून घरच्यांना रस्ता पाहू द्यावा.

एक गोष्ट ड्रायव्हरच्या बाजूनेही. दिवसभर गाडी चालवून झालेला माणूस रात्री सांगलीची फेरी घेतो, तेव्हा त्याला झोप येणे स्वाभाविक आहे. 'झोप झाली का?' हे विचारायला संकोच करू नका. वाटेत दोनदा चहाला थांबा. घाटात पंधरा मिनिटे वाचवण्यापेक्षा हे महत्त्वाचे आहे.

कॅब नाहीच मिळाली तर?

दिवसा उतरलात, तर पुण्यात चांगला पर्याय आहे. विमानतळावरून रिक्षाने रामवाडी मेट्रो स्थानक, तिथून जिल्हा न्यायालय, तिथे मेट्रो बदलून स्वारगेट. स्वारगेटची भुयारी मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. स्टँड शेजारीच आहे आणि साताऱ्याच्या एसटी गाड्या दिवसभर सुटतात. सांगली-मिरजेसाठी मुंबई आणि पुण्याहून रेल्वे आहे, मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस अनेकांच्या सवयीची. तिकीट मात्र आधी काढलेले हवे.

जिल्ह्यात पोहोचल्यावर ॲपच्या भरवशावर राहू नये. स्टँडवरून गावात नेणारी ओळखीची रिक्षा किंवा वडापच कामाला येते आणि त्यासाठी लागतो तो एक फोन आणि सुटे पैसे.

निघण्यापूर्वी पाहुण्याला पाठवा, या सहा ओळी

१. ॲपमध्ये लॉगिन आणि कार्ड घरीच तपासा, रोमिंगवर एसएमएस सुरू ठेवा.
२. 'इंटरसिटी वन-वे' आदल्या दिवशीच बुक करा, ऐनवेळी नको.
३. नकाशावरची खूण जतन करा, नुसते गावाचे नाव नको.
४. टोल आणि रात्रीचा आकार धरून किती, ते बसण्याआधी विचारा.
५. पिवळी किंवा हिरवी पाटी, क्रमांक आणि पिन जुळवा, ट्रिप शेअर करा.
६. गावाकडच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर जवळ ठेवा आणि त्याला विमानाची वेळ आधीच सांगून ठेवा.

सहावी ओळ आम्ही त्या रात्रीनंतर जोडली. मामा आता ठणठणीत आहेत. येत्या मे महिन्यात आतेभाऊ पुन्हा येतोय. या वेळी तिकीट पुण्याचे आहे आणि त्याला आणायला एमएच-१० ची पिवळ्या पाटीची गाडी जाणार आहे. पुढच्या सीटवर मामा स्वतः बसणार आहेत.